बोटीत न बसलेली गुंफामावशी

गुंफाबाई, राळेगाव तालुक्यातली. आम्ही सगळे तिला गुंफामावशी म्हणायचो. तिच्यामुळे मी आज इथं आहे, हे आधी लिहून टाकते. नाहीतर पुढे हत्ती येतात, नदी येते, आणि त्यांच्या गर्दीत माणूस मागे राहून जातो.

इथं म्हणजे आफ्रिकेत. बोत्स्वाना नावाचा देश आहे, त्यात चोबे नावाची नदी आहे, आणि तिच्या काठच्या एका लॉजच्या स्वयंपाकघरात मी भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचं जेवण करते. माझं गाव फुलसावंगी, तालुका महागाव. शिक्षण आठवी, तीसुद्धा अर्धी. कापसाच्या वेचणीला हात कमी पडत होते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेलेच नाही. लिहायची सवय नाही. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. चुकण्याची भीती मला अजूनही सगळ्यात आधी वाटते.

मावशीची आणि माझी गाठ पडली ती महागावला, बचत गटाच्या मेळाव्यात. कापसाचे ते वाईट दिवस होते. माझा नवरा सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता आणि जिनिंग चालू कमी, बंद जास्त. मी मिळेल तिथं भाकरी थापायला जायची. त्या दिवशी मुख्य स्वयंपाक गुंफामावशीकडे होता. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि नाकावर दोरीनं बांधलेला चष्मा. ती माझ्या चुलीजवळ येऊन उभी राहिली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली.

"भाकर कोनं शिकवली वं?"

"आईनं."

"लांब पाठवते का आई?"

"कुठं?"

"आफ्रिकेले."

हे ती अशा आवाजात म्हणाली की जसं काही उमरखेडला जायचं आहे आणि एसटी यायची वेळ झाली आहे.

"मावशी, मी आठवीतच शाळा सोडली. मले इंग्रजी येत नाही."

"भाकरीले येते का?"

मी हसले. ती हसली नाही. ती खरंच विचारत होती.

मग कळलं ते असं. नागपूरची एक टूर कंपनी मराठी माणसांना घेऊन आफ्रिकेच्या खालच्या भागातून ट्रकनं फिरवते. ट्रक म्हणजे उंच चाकांचा, वर बसायला खुर्च्या, पोटात कप्पे. कप्प्यांत शेगडी, गंज-पातेली, तांदूळ, मसाले. रोज नवा मुक्काम, रोज तंबू. आपली माणसं सिंह पाहायला जातात, पण दोन दिवस वरण-भात मिळाला नाही की सिंहावर राग काढतात. म्हणून सोबत स्वयंपाकी लागतो. कंपनीच्या मालकाच्या घरी कोणाच्या तरी लग्नात मावशीनं जेवण केलं होतं. मालक गमतीनं म्हणाले, "मावशी, येता का आफ्रिकेला?" ती म्हणाली, "पाहून तं घेऊ." आणि पासपोर्टचे फोटो काढायला गेली. त्यानंतर तिच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या होत्या, आणि आता तिला जोडीला एक बाई हवी होती.

"पाहून तं घेऊ" हे तिचं रोजचं वाक्य होतं. नवीन जागी गेलं की मला आधी भीती वाटते. तिला आधी प्रश्न पडायचा. विमान उडताना मी डोळे मिटून बाबासाहेबांचं नाव घेत होते. ती इतक्या फेऱ्यांनंतरही खिडकीला नाक लावून म्हणत होती, "हे पंख हालत नाही वं, मंग उडते कसं?" हवाईसुंदरी आली तर तिलाही मराठीतच विचारलं. त्या बाईनं तिला पाणी आणून दिलं. मावशी पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "इलेबी नसन माहीत."

आमचे टूरवाले काळेसाहेब, नागपूरचे. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर पंचवीस जणांच्या तक्रारी असायच्या. जोहान्सबर्गला ट्रकमध्ये चढण्याआधीच त्यांनी मला सांगून ठेवलं, "सुजाताबाई, ही फेरी ट्रायल आहे. जमलं तर ठीक. नाही जमलं तर मधूनच परतीच्या गाडीत बसवून देईन, मग कंपनी पुन्हा घेणार नाही." माझा मुलगा महागावला शाळेत होता. मी सोडली तशी त्याची शाळा सुटू नये, एवढ्यासाठी मी निघाले होते. साहेबांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यानंतर मी पानं वाढताना साहेबांचा चेहरा पाहायची आणि तेवढ्यात भात लागायचा.

मावशीला असलं काही शिवायचं नाही. तिला सगळ्याचं कुतूहल. आमचा या फेरीचा ड्रायव्हर तेंडाई, झिम्बाब्वेचा. त्याला हिंदी येत नव्हतं, हिला इंग्रजी येत नव्हतं, पण दिवसभर बोलणं चालू. घरं गोल काहून? गाईची शिंगं इतकी लांब काहून? बाई लेकरू पाठीवर बांधते तर ते रडलं की तिला त्याचं तोंड कसं दिसते? हातवारे करून विचारायची. तो हातवारे करून सांगायचा. काही दिवसांत तेंडाई "काहून" शिकला. सकाळी ट्रक सुरू नाही झाला की बॉनेट उघडून आत बघत म्हणायचा, "काहून, मावशी?"

तंबूच्या मुक्कामावर गटातल्या एक मास्तरीणबाई माझ्या शेगडीपाशी आल्या. आधी गाव विचारलं, मग हळूच, "आडनाव काय तुमचं?" मी भाकर थापत राहिले. आपल्याकडे हा प्रश्न कशासाठी असतो ते मला लहानपणापासून माहीत आहे. मावशी पलीकडे कांदा चिरत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "आडनावाचं काय लोनचं घालता, बाई? भाकर पाहा. फुगली का नाही?" मास्तरीणबाई भाकर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच पहिल्यांदा ताट घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. मावशीनं मला कोपर मारलं.

तिच्यामुळे ट्रक सगळ्यात जास्त वेळ अडकला तो बोत्स्वानाच्या सीमेवर. मावशी रोज शेगडी पेटवायच्या आधी ट्रकच्या पायरीवर एक दिवा लावायची. त्याच्या वातीसाठी या वेळी घरचा कापूस पिशवीत भरून आणला होता, सरकीसकट. सीमेवर सामान तपासलं आणि तिथल्या खाकी कपड्यांतल्या बाईंनी पिशवी बाजूला काढली. बी असलेलं काही आत नेता येत नाही. काळेसाहेब कपाळावर हात मारून म्हणाले, "मावशी, नागपूरला वातींचं पाकीट मिळत नाही का?"

"मिळते ना. पन त्याच्यात हाताले काम काय राह्यते?"

"टाकून द्या ती पिशवी."

मावशीनं पिशवी टाकली नाही. तिनं तेंडाईला हातानं दाखवलं, बी काढलं तर? तेंडाईनं त्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, बी काढलं तर चालेल. झालं. मावशी तिथंच बाकावर मांडी घालून बसली आणि बोंडातली सरकी बोटांनी एकेक सोडवायला लागली. मीही बसले. बाहेर ऊन, ट्रकमध्ये आमची माणसं घड्याळं पाहत होती. मावशी म्हणाली, "पाह्य वं सुजाता. घरी या कापसाले कोनी इचारत नाही, अन इथं पाहा, पोलीस लागले त्याच्या मांगं."

माझं हसू फुटलं. त्या बाईंनी काय म्हणून विचारलं. साहेबांनी वैतागत इंग्रजीत सांगितलं. तशी ती बाई पण हसली आणि खुर्ची ओढून आमच्याजवळ आली. मावशीला तेवढंच पाहिजे होतं. "साहेब, हिच्या गावात कापूस होते का इचारा ना. अन भाव काय देते म्हना सरकार?" साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, दुसरा गिळला. बाईंच्या गावात कापूस होत नव्हता. तिनं बोंड हातात घेतलं, चिमटीत सरकी धरली, पण धागे तुटायला लागले. मावशीनं तिचा अंगठा धरून कसा फिरवायचा ते दाखवलं. मग आम्ही तिघी सरकी काढत बसलो. निघताना मावशीनं सरकीची पुडी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि बजावलं, "पेरू नोको बरं, भाव नाही." हे मात्र कोणी त्या बाईंना इंग्रजीत सांगितलं नाही.

पुढे एका फाटकावर सगळ्यांना खाली उतरवून औषधाच्या ओल्या पोत्यावर बूट दाबायला लावले. गुरांचा रोग इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून. आमची माणसं कुरकुरली, नवीन बूट होते. मावशी पोतं पाहून एकदम हळवी झाली. "खुरकूत. इथंबी हाय, बापा." तिनं पायातले बूट दाबले, मग ट्रकमध्ये चढून पिशवीतल्या चपला काढल्या आणि त्यासुद्धा दाबून आणल्या. पहाऱ्यावरच्या माणसाला हातानं शिंगं करून दाखवली आणि मान हलवत विचारलं, वाचतात का तुमची? त्यानं एक बोट मुडपलं, बाकीची उभी ठेवली, म्हणजे बरीच वाचतात. एवढं कळल्यावर ती ट्रकमध्ये येऊन बसली.

सगळ्यात मजेची तिची चहाची रीत. मुक्कामावर पोचलं की माणसं फिरायला जायची, कोणी जीपमधून, कोणी बोटीतून. स्वयंपाकी मागे राहणार, कारण परत आल्यावर सगळ्यांना भूक. मग मंडळी आली की मावशी चहाचं पातेलं घेऊन उभी. पण कप हातात तेव्हाच, जेव्हा तुम्ही काही पाहिलेलं सांगाल. "काय दिसलं, सांगा." कोणी म्हणालं, जिराफ. "जिराफ सकाळीच सांगितला एकानं. दुसरं सांगा." मोठमोठी माणसं, बँकेतली, कॉलेजातली, कप घेण्यासाठी आठवून आठवून सांगायची. कोणाला काहीच आठवलं नाही तर ती म्हणायची, "म्हंजे पैसे देऊन झोपले का?" आणि तरी चहा द्यायची.

चोबे नदी तिला अशीच माहीत होती. नदीवर बोट जाते, वरती छत, खाली दोन्ही बाजूंनी खुर्च्या, आणि दिवस कलताना हत्ती पाणी प्यायला येतात. ती ट्रकबरोबर किती वेळा आली, पण बोटीत कधी बसली नव्हती. तरी ती मला नदी अशी सांगायची, जसं तिचं माहेर तिथं आहे. बेटावर म्हशी असतात, पाणघोड्याचे कान गुलाबी असतात, मगर तोंड उघडं ठेवून झोपते. "काहून उघडं ठेवते वं?" एवढंच तिला कोणी सांगितलं नव्हतं.

नदीवर पोचायच्या आदल्या मुक्कामावर ते झालं. आम्ही वाटेत संत्र्यांची गोणी घेतली होती. विदर्भातली माणसं, परदेशात संत्री दिसली की हात आवरत नाही. मावशीला साली टाकवेनात. घरी आपण उटण्यासाठी, अंघोळीच्या पाण्यासाठी साली वाळवतो, तशा तिनं ट्रकच्या सावलीबाहेर ताडपत्रीवर पसरून ठेवल्या. दुपारी मी भांडी घासत होते. झाडीतून हत्ती आला. आवाज नाही, काही नाही. एवढा मोठा प्राणी, पण पाऊल वाजत नाही. तेंडाईनं मला आणि मावशीला धरून ट्रकमध्ये ढकललं. हत्ती ताडपत्रीपाशी आला, सोंडेनं साली गोळा केल्या, खाल्ल्या, ताडपत्री उलटी करून पाहिली, मग आमचं जेवणाचं टेबल नुसतं हलवलं आणि ते मोडलं. कोणाला लागलं नाही. तो गेला तसा शांतपणे गेला.

मी खुर्चीखाली शिरले होते. मावशी काचेला चिकटून म्हणत होती, "साल खाते वं हा! घरी आमच्या बैलालेबी नाही आवडत."

काळेसाहेब परत आले आणि त्यांनी टेबल पाहिलं. तिथल्या माणसांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, या भागात संत्र्या-मोसंब्याचा वास बाहेर ठेवू नका. त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "साहेब, माह्या साली होत्या."

"मावशी, तुम्ही तिला वाचवू नका."

"खरंच माह्या होत्या."

"तुम्ही प्रत्येक वेळी हेच करता. भात लागला तरी तुमच्या हातून, मीठ पडलं तरी तुमच्या हातून." साहेब थकले होते. "उद्या नदीवर पोचू. परवा तिथून परतीची गाडी आहे. सुजाताबाई त्यात बसतील. मला लोकांच्या जिवाची काळजी आहे."

मावशीचं खरं त्या दिवशी कोणी ऐकलं नाही, कारण त्याआधी ती माझ्यासाठी खूपदा खोटं बोलली होती. तिला हे कळलं आणि ती एकदम गप्प झाली. तिला गप्प पाहून मला परतीच्या गाडीपेक्षा जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी नदी. आमचा तंबू काठाच्या वर, पाणी दिसत होतं. दुपारी एका काकांचं पोट बिघडलं. बोटीतली त्यांची खुर्ची रिकामी. काळेसाहेब स्वयंपाकाच्या जागी आले आणि म्हणाले, "मावशी, इतक्या वेळा आलात, एकदा जाऊन या बोटीतून. जेवणाचं उशिरानं चालेल." त्यांना बहुतेक स्वतःचंच कालचं बोलणं लागलं होतं.

मावशीनं पदरानं हात पुसले. नदीकडे पाहिलं. मी तिचा चेहरा पाहत होते. लहान मुलीला जत्रेला नेतो म्हटल्यावर होतो तसा झाला होता. मग ती म्हणाली, "इले पाठवा."

"तिला? ती उद्या चालली."

"चाल्ली तं पाहून तं जाऊ द्या. मी पुढच्या फेरीले येतोच ना, बापा. तिले कुठं पुढची फेरी हाय?"

मी म्हटलं, मावशी, मला नको, मला पाण्याचं भेव वाटतं. तिनं मला बाजूला घेतलं. "भेव वाटू दे. पन डोये उघडे ठेव. मोठं मोठं सगळेच सांगतेत, हत्ती अन मगर. तू बारीक पाह्यजो. मले सांगाचं हाय तुले."

म्हणून मी बोटीत बसले. सुरुवातीला खुर्चीचा दांडा धरून खाली पाहत होते. मग आठवलं की मावशीला सांगायचं आहे, आणि मान वर केली. पुढे काय काय झालं ते माझ्या डोळ्यांत अजून आहे. पाण्यातून हत्ती पोहत बेटाकडे चालले होते, नुसत्या सोंडा वर, नळासारख्या. बेटावर चढले तेव्हा खालून अर्धे काळे आणि वरून धुळकट, जशी ओल चढलेली भिंत. सगळे फोटो काढत होते. मला मात्र वेगळंच दिसलं. एक हत्तीण गवत उपटायची आणि लगेच खायची नाही. सोंडेत धरून पाण्यात आपटायची, इकडून तिकडून, जशी आपण मेथीची जुडी धुतो. माती झडली की मगच तोंडात.

मी बोट चालवणाऱ्याकडे वळले आणि तोंडातून निघून गेलं, "काहून?" हातानं आपटून दाखवलं. मावशीचाच हात होता तो. तो माणूस खूश झाला. बोट थांबवली आणि बोलायला लागला. मास्तरीणबाईंनी मला मराठीत सांगितलं. गवताला रेती असते, रेतीनं दाढा झिजतात. दाढा संपल्या की हत्तीला खाता येत नाही, आणि मग तो उपाशीच जातो. म्हणून धुतात. बोटीतले सगळे त्या बाजूला आले. कोणीतरी विचारलं, सुजाताबाई, अजून काय दिसतं? मी बोटानं दाखवत गेले. काळेसाहेब मागे उभे होते. पाण्याचं भेव कुठे गेलं ते मला कळलं नाही.

परत आलो. मावशी पातेलं घेऊन उभी. पहिला माणूस म्हणाला, "आज सुजाताबाईंना विचारा, त्यांनीच सगळं दाखवलं." दुसराही तेच म्हणाला. मावशीनं कोणालाच चहा दिला नाही. सगळे गोल करून उभे राहिले आणि मी सांगायला लागले. इतक्या माणसांसमोर मी जन्मात बोलले नव्हते. शाळेतही नाही.

"गवत धुऊन खाते?" मावशी पातेलं खाली ठेवून म्हणाली. "अन संगं पिलू होतं का?"

"होतं ना. त्याले नाही जमत. ते आपटते, अन गवत वाहून जाते."

"मंग माय काय करते? मारते का त्याले?"

"नाही."

"हाकलते?"

"नाही वं मावशी. ती आपलं आपलं धुते. पिलू पाह्यते, अन पुन्हा आपटते."

मावशी काळेसाहेबांकडे पाहायला लागली. साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही काय म्हणता ते मला कळतं."

"मी कुठं काय म्हनलं? मी तं हत्तीचं इचारून राह्यली." सगळे हसले. मग ती म्हणाली, "पन आता इचारतेच. साहेब, मी पयल्या फेरीत ट्रकातून खाली उतरत नव्हती, ध्यानात हाय? सिंहाचं पाऊल पाह्यलं होतं मी. दिवसभर तुमी सोता भात लावला. मले काहून नाही पाठवलं वापस?"

साहेबांना हसू आलं. मावशी घाबरली होती हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं.

"तवा काय म्हनले होते तुमी?"

"म्हटलं असेन, पुढच्या मुक्कामापर्यंत पाहू."

"मंग इलेबी तेच म्हना ना. अन साली माह्याच होत्या."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मास्तरीणबाईंच्या हातातला रिकामा कप पाहिला. "पुढच्या मुक्कामापर्यंत पाहू," ते म्हणाले. "आता चहा द्या हो."

परतीची गाडी माझ्याशिवाय गेली. मग पुढचा मुक्काम, त्याच्या पुढचा, धबधबा, झांबियातला लांब रस्ता. परतताना याच लॉजच्या माणसांनी माझ्या हातचं खाल्लं आणि पुढे मला इथं बोलावलं. पण मावशीची ती शेवटची फेरी ठरली. गावी गेल्यावर तिचे गुडघे गेले. ट्रकची उंच शिडी तिला आता चढता येत नाही. त्या दिवशी तिनं मला दिलेली खुर्ची पुन्हा कधी तिच्या वाट्याला आली नाही. पुढच्या फेरीले येतोच, असं ती म्हणाली होती. मी इतक्या वेळा या नदीवर गेले, पण प्रत्येक वेळी बसताना वाटतं, मी दुसऱ्याच्या जागेवर बसले आहे.

गेल्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले. यवतमाळहून राळेगाव, तिथून गावची एसटी. पहिल्या वेचणीचा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी सीतादही करतात, वेचणीच्या आधी शेतात दहीभात शिंपडतात. सून कापसाच्या पऱ्हाटीत शिंपडत होती, मावशी बांधावर काठी घेऊन बसली होती. मला पाहून तिनं आधी काय विचारलं असेल? "मगर तोंड काहून उघडं ठेवते ते कळलं का?"

मी सांगितलं, अंगातली गरमी तोंडातून जाते म्हणतात. "म्हंजे कुत्र्यासारखं," ती म्हणाली आणि तिचं समाधान झालं. कापसाचं विचारलं तर हात झटकला. मी म्हटलं, मावशी, चल माझ्याकडे. ती म्हणाली, "या गुडघ्यानं?" सून म्हणाली, "नाही जमत त्याहीले, कायले आशा लावता." थोड्या वेळानं मावशी मला हळूच म्हणाली, "बोटीत चढाले पायरी केवढी असते वं?"

एसटी आली तेव्हा ती काठी टेकत रस्त्यापर्यंत आली. मी चढले. ती दारातच कंडक्टरला अडवून उभी राहिली. त्याच्याकडे तिकिटाचं नवीन यंत्र होतं. "ह्याच्यात शाई कुठं टाकता, भाऊ?" तो म्हणाला, "शाई नाही लागत, काकू." "मंग उमटते कसं?" गाडीतली माणसं ओरडायला लागली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टरनं यंत्राचं झाकण उघडून तिला आतलं दाखवलं, कागदच गरमीनं काळा होतो म्हणाला आणि कोरा तुकडा फाडून दिला. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून मान काढली. मला वाटलं ती माझ्याकडे पाहत असेल. ती हातात तो कोरा तुकडा धरून, चष्मा वर करून, त्याच्यावर नख ओढून पाहत होती. मग धूळ आली आणि काही दिसलं नाही.

इथं आल्यावर मी बोटवाल्याला विचारलं. धक्क्यावर पायरी नाही, फळी टाकतात. खुर्चीत बसवून दोघांनी उचललं तर नेता येतं, आधी नेलं आहे म्हणतो. तिचा पासपोर्ट पुन्हा काढावा लागेल. सुनेला पटवावं लागेल. मी स्वतः नेहमीसारखी घाबरेन. पण मावशी, तुला या नदीवर आणल्याशिवाय मी राहणार नाही. पुढची खुर्ची तुझी. मी शेजारी बसेन आणि तुला काही सांगणार नाही. तुझं तूच पाहा.